गारठा संपला की

डॅरनने वरून हाक मारली तेव्हा राजीव स्वयंपाकघरात दुधात करंगळी बुडवून उभा होता. दूध विरजण्याइतकं कोमट झालं की नाही हे बोटालाच कळतं, असं सुप्रभा म्हणायची, आणि ती तर मायक्रोबायॉलॉजिस्ट होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सदतीस अंशांच्या इन्क्युबेटरांची दारं उघडण्या-लावण्यात तिची तीस वर्षं गेली होती. ती गेल्याला चौदा महिने झाले. तेवढे दिवस तिचं विरजण राजीवने नेमाने चालवलं होतं. दर तिसऱ्या दिवशी दूध तापवायचं, करंगळी बुडवायची, चमचाभर जुनं दही घालायचं आणि पातेलं जिन्यावरच्या एअरिंग कपबर्डमध्ये, गरम पाण्याच्या टाकीला खेटून, टॉवेलांच्या आडोशाला ठेवून द्यायचं. या घरात नोव्हेंबरात दही लागतं ते फक्त तिथे. सत्तरीच्या माणसाच्या अंगात एखादी सवय मुरली की ती काही डोक्याला विचारून चालत नाही. म्हणूनच, डॅरन आज जुनी तांब्याची टाकी काढून भिंतीवर नवा बॉयलर बसवायला आला होता, कपबर्डच्या फळ्या निघून लँडिंगवर उभ्या राहिल्या होत्या, आणि तरीही राजीवने त्याच कपबर्डमध्ये ठेवायचं दूध तापवलं होतं. हे लक्षात येऊन तो स्वतःशीच हसणार होता, तेवढ्यात हाक आली.

तो वर गेला. डॅरन जिन्याच्या तोंडाशी एक गाठोडं घेऊन उभा होता. ते त्याने दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं, कारण ते होतं लहान मुलाच्या दुपट्याचं, आणि दुपटं हातात आलं की प्लंबरचेसुद्धा हात आपोआप तसे होतात. टाकीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात खोल सरकवलेलं होतं, टाकी हलली नसती तर कुणालाही दिसलं नसतं, असं तो म्हणाला. दुपटं राजीवने लगेच ओळखलं. वरदाच्या जन्माच्या वेळी सुप्रभाच्या आईने जुन्या साड्या जोडून शिवलेलं, सांगलीहून पोस्टाने आलेलं. एका बाजूला हिरवा काठ, दुसऱ्या बाजूला धुऊन धुऊन विटलेला अंजिरी रंग. त्याने ते तिथेच उलगडलं. आत बाटली होती. पिवळ्या पडलेल्या लेबलावर टेकडीचं छोटं रेखाचित्र, खाली मळ्याचं नाव ब्रिक तोर्तोरा, त्याखाली वाइनचं, बारोलो, १९९६. आणि लेबलाच्या खाली, लॅबमधल्या काचेच्या बश्यांना लावतात तशी मास्किंग टेपची एक पट्टी. पट्टीवर सुप्रभाचं उभं, बारीक अक्षर. "१८/१२/१०. राजीवची. गारठा संपला की परत."

वाइन एअरिंग कपबर्डमध्ये ठेवलेली मी पहिल्यांदाच बघतोय, असं म्हणून डॅरन मोकळेपणाने हसला. राजीवही हसला, कारण समोरचा हसला की आपण हसायचं ही या देशातली त्याची चाळीस वर्षांची सवय. मग तो जिन्याच्या पायरीवर बसला. डॅरनला वाटलं म्हातारा दमला, आणि खाली जाऊन त्याने चहा करून आणला. विरजणाच्या त्या दुधाचाच केला. राजीवने तो प्यायला.

या बाटलीची गोष्ट माहीत नाही असा मराठी माणूस नॉटिंगहॅममध्ये सापडणं कठीण. ती गोष्ट राजीवनेच पसरवली होती. दिवाळीच्या जेवणाला, कुणाच्या पन्नाशीला, बार्बेक्यूला, कुणी नवीन डॉक्टर जोडपं गावात आलं की त्यांच्या स्वागताला. गोष्ट अशी, की इटलीतल्या एका एवढ्याशा मळ्यातली बाटली त्याने स्वतः तिथून आणली, वीस वर्षं उघडायची नाही अशी शपथ घेतली, गराजमध्ये आडवी ठेवली, दहा वर्षं तिच्याकडे वाकडा डोळा केला नाही. आणि सुप्रभाने एका डिसेंबरात ती लॅबच्या ख्रिसमस टोंबोलाला, चिठ्ठ्या काढून बक्षिसं देतात त्या सोडतीला, देऊन टाकली. इथे तो थांबायचा. सगळे सुप्रभाकडे बघायचे. मग तो म्हणायचा, "आणि त्याच टोंबोलात स्वतः जिंकून काय आणलं? लॅव्हेंडरचा साबण." हशा ठरलेला. अजय, त्याचा सगळ्यांत जुना मित्र, दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा मांडीवर थाप मारून हसायचा. आणि सुप्रभाही हसायची, पदर किंवा रुमाल जे हाताशी असेल ते तोंडाला लावून. तिच्या अंत्यविधीला, क्रेमेटोरियमच्या त्या गुळगुळीत बाकांसमोर उभं राहून वरदाने इंग्रजीत चार शब्द सांगितले, त्यांत हीच गोष्ट सांगितली, साबणासकट. रडून लाल झालेले लोक त्या साबणावर हसले. वरदाला केवढा आधार वाटला होता त्या हसण्याचा. म्हणजे सुप्रभाबद्दल शेवटचं जे काही चारचौघांत बोललं गेलं, ते हे.

आणि ते खोटं होतं. राजीव दुपारभर त्या एका वाक्याभोवती फिरत राहिला. तो रेडिऑलॉजिस्ट. आयुष्यभर सावल्या वाचल्या आणि एका ओळीचा रिपोर्ट लिहिताना दहादा विचार केला. दिसलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, हे त्याने दोन पिढ्यांच्या ज्युनियर डॉक्टरांना घोकून शिकवलं. आणि बायकोच्या बाबतीत मात्र काय दिसलं होतं? पुढच्या मार्चमध्ये गराजच्या फळीवर एक रिकामी जागा. बस. डिसेंबरात ती त्याला पेशंटांनी भेट दिलेल्या बाटल्या टोंबोलाला नेते, हे माहीत होतं. दोन सावल्या जोडल्या आणि निदान करून मोकळा झाला. तिला विचारलं होतं, हो, पण कसं? "दिलीस ना ती पण?" असं विचारलं होतं. ती म्हणाली होती, आठवत नाही रे. त्यावर तो म्हणाला होता, तुझं हल्ली लक्ष असतं कुठे. हे वाक्य आज तेरा वर्षांनी त्याला जसंच्या तसं आठवलं. ती तेव्हा सिंकपाशी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नव्हती. साबण तर त्याने पुढे, तिसऱ्या-चौथ्यांदा सांगताना घातला, गोष्टीला शेवट हवा म्हणून.

तिचं लक्ष कुठे होतं हे त्याला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. पट्टीवर तारीखच होती. अठरा डिसेंबर दोन हजार दहा, शनिवार. त्या वर्षीच्या बर्फाची आठवण अजून लोक काढतात. राजीव ऑन-कॉल होता आणि रस्ते बंद झाले म्हणून दोन रात्री हॉस्पिटलमध्येच अडकला. घरी सुप्रभा एकटी. गराजचा पाइप गोठला, हे तिने फोनवर सांगितलं होतं, आणि मग सांगली-बिंगलीचं काहीतरी, आईचा खोकला वाढल्याचं. पण त्याच्यासमोर हिप मोडलेल्या म्हाताऱ्यांची रांग होती आणि त्याने बरं बरं म्हणून फोन ठेवला. रविवारी पहाटे सांगलीहून भावाचा फोन आला. आई गेली. सुप्रभाने बॅग भरली आणि हीथ्रोवर बर्फामुळे विमानं उडत नव्हती. तीन दिवस. ती पोचली तेव्हा भावाने सगळं उरकलं होतं; घरात फक्त दिव्याखाली पीठ पसरून ठेवलेलं. ती महिन्याने परतली, एका सोमवारी उतरली आणि मंगळवारी कामावर गेली. म्हणजे असं, की त्या शनिवारी, फोन यायच्या आदल्या दिवशी, बाहेर उणे दहा-बारा असताना, ती अंगावर दोन स्वेटर चढवून गराजमध्ये गेली. बर्फ तुडवत गेली. एवढ्या सामानातून त्याची एक बाटली तिने काढली, आत आणली. कशात गुंडाळावी म्हणून शोधलं असेल, आणि हाताला वरदाचं दुपटं लागलं असेल, आईने शिवलेलं. पट्टी लावली. गारठा संपला की परत ठेवायची असं ठरवलं. मग गारठा संपला तेव्हा आई नव्हती, आणि त्या दोन दिवसांतलं बाकी सगळं तिच्या डोक्यातून पुसून गेलं. यात न समजण्यासारखं काय होतं? कुणालाही समजलं असतं. फक्त विचारणाऱ्याने 'दिलीस ना' असं विचारायला नको होतं.

संध्याकाळी डॅरन गेला. नवा बॉयलर भिंतीवर पांढरा, शहाणा, मुका. लँडिंगवर टाकीच्या जागी चौकोनी पोकळी, आणि तिथे तांब्याचा, जुन्या टॉवेलांचा आणि किंचित आंबट दह्याचा वास अजून रेंगाळत होता. राजीव तिथे थोडा वेळ डोकं आत घालून उभा राहिला. मग बाटली घेऊन अभ्यासिकेत गेला. तिथे भिंतीला टेकून त्याची जुनी एक्स-रे बघायची पेटी होती, पांढऱ्या काचेमागे ट्यूब असलेली. सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा डिपार्टमेंटने टाकून दिली ती त्याने घरी आणली होती. थंडीच्या दिवसांत काळोख्या खोलीत बसून रिपोर्ट लिहिताना तो तिच्या काचेवर बोटं शेकायचा, तेवढ्याच प्रेमाखातर. त्याने दिवा लावला आणि बाटली काचेसमोर धरली. बघायचं ते डोळ्यांना लगेच दिसलं. वाइनची पातळी खांद्याच्याही खाली उतरलेली. बूच आतून रेटलं जाऊन टोपणाखाली वर आलेलं, कडेला चिकट, काळपट ओघळ सुकलेला. तळाशी गाळ, तो असायचाच. पण रंग? जुन्या विटेचा असायला हवा होता. हा तर चार वेळा उकळलेल्या चहाचा होता. इथे दुसऱ्या मताची गरज नव्हती. तेरा वर्षं, उन्हाळा-हिवाळा, रोज दोन वेळा टाकी तापायची. तिच्यामागे ही बिचारी दुपट्यात बसून शिजत होती.

आणि तिथे, त्या उजेडासमोर, त्याला रविवार आठवला. दुपारपासून तो मनाशी म्हणत होता की रविवारी अजयकडे जेवायला सगळे जमतात, तिथे ही बाटली न्यायची, पट्टी दाखवायची आणि सांगायचं, की सुप्रभाने दिली नव्हती. आता त्याला पुढचं ऐकू आलं. कुणीतरी, बहुधा अजयच, म्हणणार, अरे, म्हणजे वहिनींनी बारोलो दह्याशेजारी विरजायला ठेवली! मांडीवर थाप. आणि या वेळची गोष्ट साबणापेक्षाही भारी, वर खरी. एवढी शास्त्रज्ञ बाई, आणि वाइन टाकीमागे उबवली. ती पुढची वीस वर्षं चालणार. सुप्रभाला एका थट्टेतून सोडवायचं आणि दुसरीत घालायचं, तेही ती रुमाल तोंडाला लावून हसायलासुद्धा नसताना. नको. मग गप्प बसायचं? टोंबोला तसाच राहू द्यायचा? त्याने दिवा बंद केला. बाटली उभी करून ठेवली, गाळ खाली बसावा म्हणून. शनिवारी वरदा हॅरोहून यायची होती. दोन दिवस होते.

ते दोन दिवस तो घरात त्या बाटलीच्या सोबतीने वावरला. बाटली आणली त्या वर्षी तो इटलीत ट्युरिनच्या कॉन्फरन्सला गेला तेव्हा सुप्रभा बरोबर आली होती, दहा वर्षांच्या वरदाला अजय आणि त्याची बायको ईशिता यांच्याकडे ठेवून. लग्नानंतर दोघं मुलीशिवाय असे कुठे गेले ते तेवढेच. ऑक्टोबर होता. भाड्याची गाडी घेऊन टेकड्यांमध्ये गेले आणि धुक्यात रस्ता चुकले. त्या द्राक्षाचं नावच तिकडच्या धुक्यावरून पडलंय असं राजीवने तिला सांगितलं. त्यावर ती म्हणाली, मग आपण बरोबर आलोय, दिसत तर काहीच नाही. चुकून ज्या अंगणात शिरले ते ब्रिक तोर्तोरा. म्हणजे होल्याची टेकडी. सगळा मळा म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेला एकच उतार, तीन एकरांचा. इर्मा नावाची म्हातारी मालकीण, हातात कात्री, डोक्याला रुमाल. तिची सून इंग्रजी बोलायची. याच उतारावरची द्राक्षं, शेजारच्याची एक टोपलीसुद्धा त्यात मिसळायची नाही, हे सुनेने सांगितलं तेव्हा सुप्रभाचे डोळे चमकले. "म्हणजे प्युअर कल्चर," ती मराठीत राजीवला म्हणाली. तळघरात माणसापेक्षा उंच, काळी पडलेली लाकडी पिंपं. त्यांत वाइन चार वर्षं नुसती बसून राहते. इर्माच्या सासऱ्याच्या काळात असंच करायचे आणि ती मरेपर्यंत असंच करणार होती, बाकीच्या जगाने काय वाटेल ते करावं. तिने दोन पेले भरले. सुप्रभा पीत नसे. पण समोरच्या बाईचा मान राखायचा म्हणून तिने पेला घेतला आणि नाकाशी नेला.

तिचं नाक लॅबमध्ये प्रसिद्ध होतं. जुन्या काळचे लोक बशीचं झाकण उघडून वासावरून जंतू ओळखायचे. एक जंतू तर चक्क द्राक्षांचा वास देतो, हे तिनेच राजीवला सांगितलं होतं. तळघरात ती पेल्यात नाक घालून इतका वेळ उभी राहिली की सून बावरली. मग हळूच म्हणाली, "निर्माल्य. देवावरून काल काढलेले गुलाब असतात ना, ते. आणि मागे, नवीन रस्ता करतात तेव्हाचं डांबर." राजीवने हसत हसत ते इंग्रजी करून सांगितलं, सुनेने इटालियन करून. इर्माने कात्री खाली ठेवली. तिने सुप्रभाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सुकलेले गुलाब आणि डांबर, आमच्याकडे सगळे हेच म्हणतात, सून म्हणाली. पण एक थेंब न पिता सांगणारी पहिलीच. निघताना इर्माने ही बाटली दिली आणि सुनेकरवी बजावलं, वीस वर्षं थांबा, ही अजून लहान आहे, ही जिवंत आहे.

जिवंत आहे. शुक्रवारी दुपारी भांडी विसळताना राजीवचा हात थांबला. हे वाक्य इर्माचं, पण घरी येऊन ते शंभर वेळा म्हटलं ते त्याने. पाहुण्यांना गराजमध्ये नेऊन तो व्याख्यान द्यायचा. ती आत श्वास घेते, ती वाढते, हिला धक्का नको, उजेड नको, आणि गोठली तर मेली. सुप्रभा चहाचा ट्रे घेऊन मागे उभी असायची. ती ऐकायची, नवऱ्याची व्याख्यानं ऐकणं हा तिच्या संसाराचा मोठा भाग होता. धक्का, उजेड, थंडी. आणि उष्णता? उष्णतेचं त्याने कधी सांगितलंच नव्हतं. नॉटिंगहॅमच्या गराजमध्ये उष्णतेची भीती कोण घालेल? मग जिच्या हाताखाली आयुष्यभर सगळं जिवंत ते उबेने जगलं, विरजण, बश्यांमधले जंतू, सातव्या महिन्यात जन्मलेली वरदा, तिला नवऱ्याने सांगितलं की ही जिवंत आहे आणि थंडीने मरेल, तर तिने दुसरं काय करायचं? त्याने नळ बंद केला. ओले हात तसेच लोंबकळत ठेवून तो उभा राहिला आणि मोठ्याने, रिकाम्या स्वयंपाकघरात, सुप्रभा, असं म्हणाला. 

वरदा शनिवारी दुपारच्या गाडीने आली. बॅगही न ठेवता तिने टेबलावरची बाटली बघितली, मग दुपटं, मग पट्टी, आणि राजीवने सांगितलेलं ऐकून आधी तिला हसूच फुटलं. "एअरिंग कपबर्डमध्ये? थर्टीन इयर्स? ओ माय गॉड बाबा, आईने वाइनचा खूनच केला." नवी गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत जन्मली होती, अवघ्या दोन मिनिटांत. त्याने पट्टीवरच्या तारखेवर बोट ठेवलं. वरदा त्या वर्षी साउथहॅम्प्टनला शिकत होती आणि तीही बर्फात अडकली होती. आजी गेल्याचा फोन तिने हॉस्टेलच्या जिन्यात घेतला होता. तिचं हसू ओसरलं. ती खुर्चीवर बसली आणि दुपट्याचा हिरवा काठ अंगठ्याने चोळत राहिली.

"मी सगळ्यांसमोर सांगितलं," ती म्हणाली. "फ्युनरलला. साबण पण सांगितला."

"साबण माझा," राजीव म्हणाला. "तो कधी नव्हताच."

मग त्यांनी बाटली उघडली. त्याने एक्स-रेची पेटी स्वयंपाकघरात आणून टेबलावर उभी केली, दिवा लावला. वाइन दुसऱ्या भांड्यात ओतताना गाळ कुठवर आला हे त्या उजेडात नीट दिसतं. बुचाचे तुकडे झाले ते चहाच्या गाळण्याने काढले. वरदाने दोन पेले घेतले. त्याने नाक आत घातलं. गूळ. उकडलेले मनुके. कडेला व्हिनेगरची तीट. तो थांबला, डोळे मिटले, पुन्हा वास घेतला. निर्माल्य शोधलं, डांबर शोधलं. दहा मिनिटांनी परत शोधलं. काहीच नव्हतं. होतं ते केव्हाच गेलं होतं, आणि हे त्याला परवा काचेसमोरच कळलं होतं. तरी माणूस हुंगतो. वरदाने एक घोट घेतला आणि तिचं तोंड लहानपणी काढा प्यायल्यावर व्हायचं तसं झालं. राजीवने मात्र आपला पेला पुरता संपवला, सावकाश, कुणीतरी आपल्यासाठी रांधलेलं खावं तसा.

"संपलीये ही, बाबा. इट्स गॉन."

"हो," तो म्हणाला. "आणि ती मी घालवली. मी तिला थंडीचं सांगितलं होतं, उष्णतेचं सांगितलंच नव्हतं. आता असंच सांगायचं. तूसुद्धा."

वरदाने मान हलवली. उद्यापर्यंत थांबायला नको असं त्याला एकदम वाटलं, चारचौघांत आपला धीर सुटेल, किंवा अजयच्या एका कोटीवर आपणही हसू, सवयीने. त्याने अजयला फोन लावला. त्याने सगळं एका दमात सांगितलं, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं: तारीख, बर्फ, दुपटं, पट्टीवरचे शब्द, आपलं थंडीचं व्याख्यान. अजय हसला नाही. पलीकडे भांड्यांचा आवाज आला आणि मग फोन ईशिताने घेतला. ती म्हणाली, भावजी, हे तुम्हाला कधी सांगायचं नाही असं तिने मला सांगितलं होतं, आता सांगते.

"मी विचारलं होतं तिला एकदा. तू गप्प का बसतेस म्हणून. तर म्हणाली, मी दिलेली नाही गं, एवढं मला पक्कं माहीत आहे. कुठे ठेवली ते तेवढं आठवत नाही. पण आई गेली त्या वर्षी आमच्या घरात कुणी हसतच नव्हतं. राजीव पहिल्यांदा हसला तो ती गोष्ट सांगताना. मग म्हटलं, असू दे."

राजीव फोन कानाला धरून उभा राहिला. ईशिता हॅलो हॅलो म्हणत राहिली. वरदाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि उद्या येतो आम्ही, असं सांगून बंद केला. तो टेबलाशी बसला आणि रडला. चौदा महिन्यांत असा रडला नव्हता. वरदा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि पेटीच्या उजेडात त्या भांड्यातली तपकिरी वाइन उगाचच सुंदर दिसत होती.

थोड्या वेळाने तो उठला. उद्या अजयकडे कढी होती आणि दही न्यायचं काम सुप्रभामागे त्याच्याकडे आलं होतं. फ्रिजमध्ये वाटीभर विरजण उरलं होतं, तेही आंबायला लागलेलं. आज नाही लावलं तर पुढच्या वेळी त्यात काही राहणार नव्हतं. त्याने दूध तापवलं, करंगळी बुडवली. वरदाने विचारलं, पण ठेवणार कुठे, कपबर्ड तर गेलं. राजीवने इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर पेटी अजून जळत होती. त्याने तिच्या काचेला तळवा लावला, मग तिची पाठ टेबलावर टेकवून ती आडवी केली, पातेलं काचेवर ठेवलं आणि वरून दुपटं नीट गुंडाळलं, काठ खाली खोचून, हवा शिरणार नाही असं. वरदाने ड्रॉवरमधून मास्किंग टेप काढून त्याच्यासमोर धरली. तारीख त्याने घातली. पुढे 'सुप्रभाचं' एवढंच लिहिलं आणि पट्टी पातेल्याला चिकटवली.

रविवारी सकाळी तो खाली आला तेव्हा बाहेर गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. स्वयंपाकघरात दुपट्याच्या विणीतून उजेड येत होता. त्याने एक कोपरा उचलून पातेलं किंचित कलतं केलं. दही हललं नाही. त्याने जिन्याशी जाऊन वरदाला हाक मारली.